बसायचं बटण

नेरुळच्या लॅबमधला एसी आमच्यासाठी नाही,
मशिनांसाठी आहे.
आम्ही स्वेटर घालून मे महिना काढतो.

सहावं सेमिस्टर. कोर्सचं नाव इतकं लांब
की पप्पा थोडक्यात सांगतात, पोरगी गेमचं शिकते.
समोरचा विचारतो, म्हणजे खेळते?

मी डोंगर करते आहे.
आधी सपाट जाळी, चौकोनांना चिकटलेले चौकोन.
मग ब्रश घ्यायचा, माउसचं डावं बटण दाबून धरायचं,
जमीन वर येते.
शिफ्ट दाबून तेच केलं की खाली जाते.
पप्पांना खाली न्यायला अकरा महिने लागले होते,
दिवसाला चौदा खेपा,
आमचाच डोंगर, उलव्याच्या बाजूचा,
धावपट्टीच्या भरावात.
त्या पगारातून माझी दहावी झाली.
साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटमधून ही फी.

जुनेद कोड लिहितो. म्हणाला, हर्षिका,
डोंगर जड होतोय, फोन तापेल, थोडा कमी कर.
म्हटलं, कमी करून झालाय एकदा.

सोनटक्के सर खुर्ची उलटी करून बसले:
खेळाडूला हवंय काय? जिंकायचं कशात?
म्हणून मी उतारावर चाळीस करवंदं पेरली.
उचललं की टप् असा आवाज.
चाळीस झाली की तुम्ही जिंकलात.

रविवारी लॅपटॉप घरी, जेवणाच्या टेबलावर.
पप्पांनी कंट्रोलर स्टिअरिंगसारखा धरला,
हात घड्याळातल्या दहा-दोनवर,
आणि पहिल्याच मिनिटाला जमिनीतून आरपार पडले.
एका कातळाला कोलायडर लावायचा राहिला होता.
म्हणजे कय?
म्हणजे पप्पा, नुसतं दिसून भागत नाही,
दिसणाऱ्याला अंग लागतं,
नाहीतर पाय ठरत नाही.
ते स्क्रीनकडे बघत म्हणाले, कळला.

दुसऱ्यांदा पडले नाहीत.
मी वाट उजवीकडून काढली होती, ते डावीकडून चढले,
तिथे वाट नव्हती तरी.
एकही करवंद उचललं नाही.
वर पोचले, थांबले, थोडे मागे सरकले,
मग अंगठा हवेत तसाच ठेवून विचारलं,
बसायचा बटन कनचा?

उडी आहे. धावणं आहे. वाकणं, उचलणं, फेकणं,
मरून परत येणंही आहे.
तीन वर्षांत कुणी म्हणालं नव्हतं
की खेळाडूला बसावंसं वाटेल.

त्या रात्री मी बसणं केलं.
आधी डावा हात जमिनीला, मग गुडघे,
कमरेला पट्टा बांधलेला माणूस बसतो तसं.
दोन वाजता जुनेदचा फोन: बसल्यावर काय मिळतं?
काही नाही.
एनर्जी वाढते?
नाही. वारा चालू राहतो.
तो बराच वेळ गप्प. मग म्हणाला,
वाऱ्याचा लूप अकरा सेकंदांचा आहे, लक्षात येईल.
पाठव, लांबवतो.

सोमवारी कामावरून आल्यावर, चपला न काढता,
पप्पा वर जाऊन बसले.
चार मिनिटं. आई दोनदा ताट वाढू का म्हणाली.
कंट्रोलर वाट बघून आपोआप झोपला.

मग म्हणाले, यान डंपर नय.
कशाला पाहिजे डंपर, पप्पा, चांगला डोंगर आहे.
व्हता ना. मीच चालवत व्हतो. टाक.
आणि नंबर सांगितला, पाठ होता, पूर्ण.
पाठचा उजवा दिवा फुटका कर, म्हणाले,
आणि धुऊ नको, लाल मातीच दिसाय पाहिजे.

फायनलला बाहेरच्या परीक्षक आल्या होत्या.
दोन करवंदं उचलली, टप्, टप्,
वळल्या, पायथ्याशी थांबल्या.
हा डंपर काय करतो?

सध्या उभा आहे, मी म्हणाले.
इंजिन चालू आहे, ऐकू येईल तुम्हाला.
चालवणारा वर जाऊन बसलाय.