मे महिन्याची तारीख

टोइव्हो हारयुला जानेवारीत गेला.
बाहेर उणे एकतीस,
आणि पाइक क्रॉसिंगच्या दफनभूमीत
चार फूट खोल माती लोखंडासारखी.
कबर खोदणारा रूडी म्हणाला, मे उजाडल्याशिवाय फावडं लागायचं नाही.
म्हणजे वकीलसाहेबांना
शेवटचीही तारीखच पडली.
ऐकून तो हसला असता, खोकत खोकत.

तोवर चर्चमागच्या दगडी खोलीत ठेवलाय त्याला.
शेजारच्या पेटीत मिसेस पेल्टोमा,
जिच्या कुंपणाचा वाद तो एकोणीस वर्षं भांडला.
बरं झालं. ओळखीचं माणूस आहे सोबतीला,
आणि विषयही.

मी एकतीस वर्षं त्याची टायपिस्ट.
माझ्याकडे ऑफिसची किल्ली आणि हिशेबाची वही.
खाली खिळ्यामोळ्यांचं दुकान, वर आम्ही,
मधे बावीस पायऱ्या.
शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात.
तो म्हणायचा, माझ्या चढा,
म्हणजे तिकडच्या चढायला नकोत.
अर्धी भांडणं तर बाराव्या पायरीवरच मिटायची,
दम लागून.

फीच्या रकान्यात काय काय आहे:
धुरावलेले मासे, दोन.
बर्चची लाकडं, अर्धा ट्रक.
एका पानावर नुसतं, 'छप्पर गळतं ते बघून देईन.'
आणि सगळ्यात जास्त वेळा, 'बघू'.
तो खिडकीकडे तोंड करून सांगायचा, मी लिहायचे.
बघू. बघू. बघू.
इर्मा, त्याची बायको, म्हणायची,
लष्कराच्या भाकऱ्या भाजून
ह्याच्या हाताला कायमचे चटके.
मुलाच्या हॉकीचा एकही सामना
त्याने पहिल्यापासून पाहिला नाही.
मुलगा आता ॲरिझोनात असतो. फुलं पाठवली त्याने.

गावाला काय आठवतं?
खाण कंपनी तळ्याचा काठ विकायला निघाली तेव्हा
एकोणीसशे अकराच्या करारातली ती एक ओळ
त्यानेच शोधली. म्हणून आज पोरं तिथे पोहतात.
मला आठवतो तो हरलेला खटला.
लाल धुळीने फुप्फुसं गेलेली अकरा माणसं.
त्यातला सातवा माझा बाप.
निकालाच्या रात्री डुलुथहून परतला तो
गाडीतच बसून राहिला, दिवे चालू ठेवून.
मी महिनाभर त्याच्याशी बोलले नाही.
टायपिंग मात्र केलं, एकही चूक न करता.
तोच माझा राग होता.
त्यानंतर दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी
तो अकरा दारं ठोठवायचा.
तेलाच्या अनुदानाचा फॉर्म, दवाखान्याचं पत्र,
काहीतरी निमित्त हातात.
माफी त्याने कुणाचीच मागितली नाही.
शेवटी दोनच दारं उरली, तरी सोमवार चुकला नाही.

फेब्रुवारीपासून लोक येताहेत.
बुटांवरचा बर्फ झटकतात, पाकीट ठेवतात.
एक मुलगी आजोबांचे चाळीस डॉलर घेऊन आली,
चौसष्ट सालचे.
मी म्हटलं, अगं, खातं बंद झालंय.
ती म्हणाली, मग उघडा.
कोणत्या रकान्यात लिहू, कळेना.
शेवटी वही उलटी धरून
मागच्या पानापासून सुरुवात केली.

मेच्या नऊ तारखेला माती सैल झाली.
कागदी डबे, बटाट्याचं सॅलड, लांबलेलं भाषण.
सगळे पांगल्यावर मी रूडीला विचारलं, किती झाले?
त्याने फावडं गवताला पुसलं.
'बघू,' म्हणाला.

मंगळवारी पाणीपुरवठा मंडळाची सभा होती.
खिडकीजवळची खुर्ची कुणी घेईना.
मान देण्यासाठी वगैरे नाही,
त्या फटीतून गार वारा येतो सरळ मानेवर.
इतकी वर्षं तो तिथे का बसायचा
हे मला त्या दिवशी कळलं.