हत्तु

ओम्नीच्या पाठीला दोन सायकली,
रंग खरचटू नये म्हणून माझ्या ओढणीनं बांधलेल्या.
शिनोळी मागं पडली तेव्हा पोरं झोपेत.
महाराष्ट्र त्यांनी चंदगडाला उतरवून घेतला:
काजूच्या बागेला तीन फेऱ्या, एक आपटणं.
साखळीला गोवा. उकाडा नुसता,
आणि वैजू एका म्हशीला घंटी वाजवत राहिली.

मी आपली पाणी देणारी, गुडघ्यांना हळद लावणारी,
मोबाईल धरून "इकडं बघा की" म्हणणारी.

चोर्ला चढून आलो. कणकुंबीच्या पुढं
मैलाचा दगड आला, गोलगोल अक्षरांचा.
भुजंगला वाचता येत नाही ते,
बाजारापुरते आकडे तेवढे येतात.
धाकट्यानं वाचलं: जांबोटी, हदिनेंटु.

तिथंच वैजू उतरली, म्हणाली,
"आई, आता तू."

एक्केचाळिसाव्या वर्षी?
रस्त्याला कोणी नाही. एक फणसवाली,
मांडीवर कोयता, तोंडात पान.
माझ्याकडं बघत म्हणाली, "हत्तु. हत्तु."
भुजंग खिशात हात घालून, "दहा? एवढा मोठा फणस दहाला?"
"नाही ओ बाबा," धाकटा हसून लोळायचा बाकी,
"चढ म्हणतेय ती. आईला."

चढले.
लाल माती, उतार, कुणीतरी मागून धरलेलं,
मग कुणीच न धरलेलं.
मी मोजली पायडलं.
दहा.
अकराव्याला घाणेरीच्या झुडपात.

फणस ऐंशीला पडला.
एक रुपया सोडला नाही बाईनं.