सकाळी नऊची रेडिओवेळ

इयोतेबा, ऐकू येतंय का? तेकाई मावशी बोलतेय.
मी ओव्हर म्हटल्यावरच बोल, मध्ये नाही,
नाहीतर दोघांचेही शब्द समुद्रात पडतात.
ओव्हर.

बरं. तारीख विचारतोस.
बोट मंगळवारी सुटते.
कुठल्या मंगळवारी, ते बेतिओच्या धक्क्यावर उभं राहूनच कळतं;
कप्तानाला नको विचारूस, त्याच्या बायकोला विचार.
आधी पिठाची पोती चढतात, मग डिझेलची पिंपं, मग डुकरं,
मग जागा उरली तर माणसं.

लितियानाला दोन रात्री उलट्या होतील.
तिला उघड्यावर झोपव, धुराच्या वाऱ्यापासून लांब.
सुवाची पोर ती, तिच्या बेटाला डोंगर आहेत.
आधीच सांगून ठेव, आमच्याकडे सगळ्यात उंच काय
तर माडावर चढलेला माणूस.
नाहीतर पहिल्या दिवशी ती
जमिनीवर उभी राहून जमीन शोधत बसेल.

बोट प्रवाळाच्या कडेबाहेरच थांबते.
बौरो होडी घेऊन येईल. लाटा तो मोजेल, तू मोजू नकोस.
तो "आता" म्हणाला की उडी.
सामान मागून, बायको आधी.
तुझा बाप उलटं करायचा.
ओव्हर.

हो, तंबाखू लागेलच. काळ्या कांड्या, चार.
नवं माणूस बेटावर उतरलं की उत्तरेच्या टोकाला जायचं,
तिथल्या दगडापाशी तंबाखू ठेवायची,
ओली वाळू गालांना लावायची,
म्हणजे बेट तिला ओळखतं.
पाद्रीबाबांनी विचारलं तर म्हण, पाय मोकळे करायला गेलो होतो.
तेही आत्ता ऐकत असतील.
नमस्कार, पाद्रीबाबा.

तांदूळ दोन पोती. गळ मोठे, बारीक नकोत,
बारीक गळाला लागतं ते पोरं पुन्हा पाण्यात सोडतात.
सुयांचं पाकीट. टॉर्चचे सेल.
चॉकलेट आणू नकोस. वितळतं, आणि भांडणं होतात.
ओव्हर.

आई?
बरी आहे.
हे बघ, सगळं बेट ऐकतंय, पलीकडची दोन बेटंही.
बरी आहे म्हटलं ना.
चटई विणतेय, केवड्याच्या पानांची, तुझ्या बायकोसाठी.
काठ झालेत. उशाची बाजू तेवढी राहिली, ती मी धरलीय हातात.
बसते की. बसत नाही असं कुठे म्हटलं?
सकाळी बसते.
ओव्हर.

नाताळात?
नाताळात बोटीला फार गर्दी असते रे.
आणि नाताळ काय, दरवर्षी येतो.

आणखी एक राहिलं. लिहून घे.
पांढरं कापड, सहा वाव.
चांगल्यातलं घे, खळ नसलेलं.
कुणी विचारलंच तर सांग,
मानेआबात पडदे करायचेत.
ओव्हर.

इयोतेबा?

ओव्हर म्हटलं मी. आता तुझी पाळी.

बटण दाबून धरलंयस वाटतं,
तुझ्या बाजूचा रस्ता ऐकू येतोय,
कुणीतरी हॉर्न वाजवतंय,
आणि नाक ओढल्यासारखं काहीतरी.
सोड बटण. सोड, बाळा, तरच मला बोलता येईल.

हं.

तर मग पहिला मंगळवार जो येईल तो.
तिला सांगते मी, निघाला म्हणून.
सकाळीच सांगते.
कप्तानाच्या बायकोकडे रिकाम्या हाताने जाऊ नकोस,
तिला पाव आवडतो, धक्क्यावरचा, गरम.
आणि आधी सांगितलेल्यात काही विसरलास तरी चालेल,
गळ विसर, सुया विसर,
सेल मात्र आण.
मंदिराबाहेर काळोख फार असतो हल्ली,
आणि रात्री तिच्याजवळ बसणारं माणूस
एकसारखं टॉर्च लावून बघत असतं.
ओव्हर.