चौदा नंबरची काच

कुताइसीच्या संग्रहालयात
तिकिटावर थंडी फुकट मिळते.
बाहेर एप्रिल नदीकाठच्या तुतीला पालवी फोडत बसलेला,
आत भिंतींनी अजून जानेवारी सोडलेला नाही.

मी निळीची माणूस. मेजावरचे निळे कपडे छापते:
हरणं, मासे, सुरया, पुन्हा हरणं.
गेल्या हिवाळ्यापासून हरणं
माझ्याकडे बघेनाशी झालीत.
ठसा उचलते, दाबते,
कपड्यावर उमटतो फक्त ठसा.
म्हणून आले. खरं सांगायचं तर
काहीतरी चोरायला.

लामारा दारातच बसलेली. सत्तरी उलटलेली,
एकावर एक दोन स्वेटर, कमरेला किल्ल्या.
मी दालनात पाय टाकते तशी
ती पुढचा दिवा लावते, मागचा घालवते.
"वीज काय फुकट येते?"
आणि लगेच, माझा चेहरा बघून,
"तुझी पीडा मला लागो, पोरी, बघ हवं तेवढं."
आमच्या बायका अशाच,
रागावतानाही पीडा मागून घेतात.

तर मागे अंधार, पुढे उजेड, अशी मी.
सोन्याचे पेले बघितले, मुकाट पुढे.
कांस्याची कुऱ्हाड, तिच्यावर कोरलेलं हरीणच.
हजारो वर्षांचं, आणि माझ्या हरणांहून ताजं.
मत्सराने पोटात दुखलं, एवढंच.
वही कोरी.

चौदा नंबरच्या काचेमागे काहीच नव्हतं.
चिठ्ठी: चांदीचा कमरपट्टा, सफाईसाठी तिब्लिसीला.
तारीख गेल्याच्या गेल्या वर्षीची.
"गेला तो गेलाच," लामारा म्हणाली,
"इथं आता कुणी थांबत नाही. तेवढाच दिवा वाचतो."
हात बटणाकडे गेलासुद्धा तिचा.
"थांबा," मी म्हणाले.

मखमल. कधीकाळी निळी असणार,
आता राखेत पाणी कालवल्यासारखी.
पण मधोमध पट्टा होता.
चांदी नव्हती, पट्टा होता:
गर्द, हात लावला तर बोट ओलं होईल असा निळा,
एकेक कडी, आकडा,
तुटलेल्या दुव्याची फटसुद्धा.
चाळीस वर्षं खिडकीतलं ऊन
चोरपावलांनी येऊन रंग नेत राहिलं,
पट्ट्याखाली तेवढा त्याचा हात पोचला नाही.

हे कुणी काढलेलं नव्हतं.
कुणीतरी तिथे पडून होतं, इतकंच.

लामाराने घड्याळ सरकवून मनगट पुढे केलं.
सावळ्या कातडीवर गोरी पट्टी.
"माझं उलटं," ती हसली, "पण ऊन तेच."

मी फरशीवर बसले. पेन्सिल सारखी मोडत होती.
तिने खुर्ची आणली, मला वाटलं माझ्यासाठी,
आणि स्वतःच तिच्यावर बसून
अक्रोड फोडत राहिली.
दिव्याबद्दल एक अक्षर नाही. बंद व्हायची वेळ होईपर्यंत.

घरी आले. एक गर्द निळा कपडा, न छापलेला,
छपराच्या पत्र्यावर अंथरला, चार कोपऱ्यांना विटा.
वर काय ठेवावं, याला वेळ लागला.
कात्री ठेवली, उचलली. पळी ठेवली, उचलली.
शेवटी पलंगाखालून आईच्या चपला काढल्या,
टाचेशी झिजलेल्या, सहा वर्षं तशाच,
ती इटलीत बारीला गेली तेव्हापासून,
कुणा परक्या म्हातारीला न्हाऊमाखू घालायला.
आधी शेजारी शेजारी ठेवल्या, दुकानातल्यासारख्या.
मग एक जरा तिरकी केली,
ती दारात काढायची तशी.

रात्री फोन आला. "आज काय केलंस?"
"काही नाही. तुझ्या चपला उन्हात ठेवल्यात."
"बुरशी आली होय?"
"नाही. सप्टेंबरपर्यंत तिथेच राहतील."
"वेडी का काय तू? रंग उडेल."
"हो," म्हटलं, "उडू दे."