खवट

साकीनाक्याच्या गाळ्यात
हजार किलो पामतेलाला
दोनशे ग्रॅम भुकटी, नंबर तीनशे एकोणीस.
वजनकाट्यावर मी.

वेफर्सची पाकिटं फुगतात, कपाटात थांबतात.
दर महिन्याला यमुना वैती एक फोडते,
जिभेवर ठेवते, डोळे मिटते,
वहीत लिहिते : खवट नाही.
पुढच्या महिन्यात खाली दोन टिंबं.
पुन्हा टिंबं.
अकरा वर्षांची जीभ
एका शब्दाची वाट बघत.

काल तिच्या डब्यात सुक्या खोबऱ्याची चटणी होती,
नवऱ्यानं कुटलेली.
दिवाळीत गेला तो. आता होळी आली.
मी बोट लावलं आणि पाणी प्यायलो.

ती मात्र चघळत राहिली,
कपाटापाशी चघळते तशी.
"झाली एकदाची," म्हणाली,
आणि डब्याचं झाकण
उघडंच ठेवलं.