खाचा

क्लॅरिनेट उद्या.
आज फक्त तोंड उघड.
दाराकडं वळ, उजेड आत जाऊ दे.

पोरगी बँडात? म्हणत्यात तर म्हणू दे, प्राजू.
मलाबी म्हणत्यात:
वायदंडे मास्तर, झांजा कुटताय आता,
वाद्य सुटलं का वो?
वाद्य न्हाई सुटलं. दात सुटलं.

हे माउथपीस बघ. वरच्या अंगानं नख फिरव.
लागल्या दोन खाचा?
माझ्या पुढच्या दोन दातांच्या हायत त्या,
तेहतीस लग्नसरायांत पडलेल्या.
एबोनाइट झिजलं, दात न्हाई झिजलं.
किडका एकबी न्हवता.
गेले ते हिरडीतनं,
नदीकाठचं झाड जावं तसं, अख्खं.

आईची मिश्री. तव्यावर तंबाखू जळायची,
घरभर ठसका.
मी सातव्या वर्षापासनं बोटानं घासायचो.
हिरडी बधिर व्हायची, बरं वाटायचं.
बधिर झालेलं दुखत न्हाई,
एवढंच त्यातलं औषध.
चूळ लाल पडायची. म्हणायचो, पान आसंल.
पान तर मी खातच न्हवतो.

आन् रात्री दोनला वरात संपली तरी
वाद्य सुटं करायचो,
दोरीला बांधलेलं फडकं आरपार ओढायचो,
थुंकीचा थेंब आत ठेवायचो न्हाई.
पेटीत, मखमलीवर.
मग चहा, दोन साखरेचा,
आन् तसंच आडवं.

पलूसच्या एका वरातीत
चढा सूर धरला आन् दात हलला.
एवढासा. तांदळातल्या खड्याएवढा.
सूर चिरकला, घोडं बिचकलं,
नवरदेवानं मुंडावळ्या सावरल्या.
कुणी हसलं न्हाई.
हसलं असतं तर बरं झालं असतं.

मिरजेला कॉलेजात खुर्चीवर आडवं घातलं.
शिकाऊ डॉक्टरीण
बारीक सळई हिरडीत सरकवून आकडं सांगायची,
दुसरी लिहून घ्यायची:
चार. पाच. पाच. सात. सहा. सात.
मी डोळं मिटून ऐकत होतो, सवय ती,
वाटलं कुठल्या रागाचं चलन हाय.
इचारलं, बाई, सम कुठं?
म्हणाली, काका, तीनच्या वर जायलाच नको होतं.

गावात म्हणत्यात, कीटण काढलं की दात हलत्यात.
हललेलंच असत्यात ते.
पडक्या बांधाला बाभळीच्या मुळानं धरावं
तसं धरलेलं असतंय नुसतं.
तू वर्षाला एकदा काढून घ्यायचं.
मी येतो संगं.

आता ब्रश धर. मऊ केसाचा.
मुठीत न्हाई, बोटांत.
पेस्ट वाटाण्याएवढी, जाहिरातीएवढी न्हाई.
दात आन् हिरडी जिथं भेटत्यात
तिथं तिरपा टेकव. हळू. गोल.
भांडी घासायला आलीयस काय?
...हां. अशी.
शेवटच्या दाढंच्या पल्याड जा,
तिथं कुणी जात न्हाई.
खालच्या दातांच्या मागनंबी.
थुंकी तिथंच साठती, कीटण पयलं तिथंच बसतंय.
सकाळचा रियाज चुकला तर बघू,
रात्रीचं हे चुकायचं न्हाई.

रक्त आलं?
घाबरू नको आन् थांबूबी नको.
पंधरा दिसांत थांबलं न्हाई
तर आपण मिरजेच्या यष्टीत बसू.
मला कुणी इचारलं न्हवतं
चूळ कसल्या रंगाची पडती.

जा, चूळ भर.
मोरीत नको,
हितं, ह्या पांढऱ्या फरशीवर थुंक.
मला बघू दे.