मामावर गेली

कुकरची शिट्टी झाली
की पूर्णाचे दोन्ही हात वर उडतात,
बोटं फाकतात, ओठांवरचं दूध सांडतं.
इतर लेकरांचं हे तिसऱ्या-चौथ्या महिन्यात सुटतं, सिस्टर म्हणाल्या.
हिचं सहाव्यातही सुटेना.
सासूबाई काठवटीतून मान वर न करता बोलल्या,
"मामावर गेली."

मामा म्हणजे माझा मुंजादादा.
पाहुणे आले की ज्वारीच्या कणगीत उतरून बसायचा.
आबा कानाला धरून बाहेर काढत,
केसांत भुसा, पापण्यांवर धूळ,
चारचौघांत उभा करत: "नाव सांग."
नाव यायचं नाही.
पाहुणे हसायचे. मग चहा यायचा.
आता चौतिशीत तो गंगाखेडला झेरॉक्सच्या दुकानात
गिऱ्हाइकाकडे पाठ करून उभा असतो,
मशीनच्या हिरव्या उजेडाकडे बघत.

"मामावर गेली" म्हटल्यापासून
पूर्णाला कुणी सहज उचलेना.
नणंद उंबऱ्यातूनच, "नको बाई, रडंल."
तिचे ताणलेले हात बघून ती रडायची.
"बघा, म्हटलं नव्हतं?"
बी माझ्या माहेरातून एकदाच आलं होतं,
पाणी मात्र रोज घातलं जात होतं.

परभणीच्या ज्वार संशोधन केंद्रात मी ताटं मोजते.
एकाच पिशवीतलं बियाणं
इथल्या काळ्या रानात पहिलं येतं,
बालाघाटाच्या मुरमाड माथ्यावर सहावं.
आणि इथं ज्याच्याकडे कुणी फिरून बघत नाही
ते बुटकं वाण
तिथल्या वाऱ्यात एकटंच उभं राहतं.
साहेब कागदावर दोघांच्या रेघा काढतात,
मधे कुठंतरी त्या एकमेकींना कापून जातात.
खाण तशी माती म्हणणाऱ्यांना
तो कागद एकदा दाखवावा वाटतो.
नवा पोरगा विचारतो, मॅडम,
कणसात बियाण्याचे किती टक्के, रानाचे किती?
मी डब्यातली भाकरी पुढं करते:
यातलं पीठ तू ठेव,
आधणाचं पाणी मला परत दे.

एवढं कळत होतं.
आणि तरी घरी आल्यावर
कुकर चढवला की मी लेकराकडे अशी बघायची
की शिट्टीच्या आधीच ती दचकायची.

पावसाळा सरता सरता खाली तसनीमभाभी राहायला आल्या, मानवतहून.
त्यांना मुंजादादा ठाऊक नव्हता.
त्यांनी आयुष्यभर शेळ्या पाळलेल्या.
पूर्णा त्यांना बघून भोकाड पसरून बसली
तर त्या वळल्या, तिच्याकडे पाठ केली,
आणि सुपातली तूर निवडू लागल्या.
"नवी बकरी ऐसीच रहती. उसकू देखने का नै."
तूर निवडून झाली. चवळी घेतली.
तिसऱ्या दिवशी त्यांच्या ओढणीचं टोक
पूर्णाच्या तोंडात होतं.

शिट्टीला ती अजून दचकते.
पण आता दचकून आधी खालच्या जिन्याकडे बघते,
तिथून भाभी "हाँ, हाँ, सुनी मैंने" म्हणतात,
आणि हात हळूहळू खाली येतात.
कधी येतात. कधी नाही.

दिवाळीनंतर मुंजादादा आला, न कळवता.
घरात माणसं होती म्हणून
ओट्यावर, दाराकडे पाठ करून बसला,
नेहमीसारखा. मी चहा न्यायला निघाले
आणि मधेच थांबले.
पूर्णा रांगत उंबऱ्यापाशी गेली होती.
एक पाठ. न हलणारी. न बघणारी.
तिनं बराच वेळ तिच्याकडे बघितलं,
मग शर्टाच्या शिवणीत बोट घातलं.

सासूबाई काही बोलणार होत्या,
मी त्यांचा हात दाबला.

दादा वळला नाही.
रस्त्याकडेच बघत,
कुणी विचारलेलं नसताना,
अगदी हळू म्हणाला,
"मी मुंजाजी."